शून्याचं तिकीट

जांबोटीहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत
मागच्या दारानं चढल्या पावशे बाई.
हातात छत्री, भाकरीची पिशवी, काखेत फाईल.
पुढची सीट कुणी सोडली नाही.
एकानं तर मान वळवून खिडकीबाहेर धरली,
तिथं धुकं होतं, नुसतं धुकं.

मी चौथीला त्यांच्याकडं होतो.
पाढे चुकवून पळालो की
पी.टी.ची पितळी शिट्टी वाजवायच्या,
आणि ओढ्यापलीकडनं मी परत यायचो
कान आधीच लाल करून.

पुढं निवडणुकीत चिन्हही तेच मिळालं.
महिनाभर पोरं गालफडं फुगवून शिट्ट्या मारत होती.
बाईंनी भाषण असं केलंच नाही,
चावडीपुढं उभं राहून हजेरी घेतली, जुन्या वहीतनं.
"सातेरी गुरव?" "हजर बाई."
"मल्लवा नायकोजी?" "हजर."
"कल्लाप्पा?"
कल्लाप्पा गोव्याला, सेंट्रिंगच्या कामावर.
त्याच्या आईनं हात वर केला.
तेराशे अकरा मतांनी आल्या.

शपथ मराठीत की कन्नडात,
ह्यावर इथं हॉटेलात कपबशा फुटल्या.
बाईंनी बंगळूरला चाररेघी वही नेली होती,
कन्नड शपथ देवनागरीत उतरवून.
वही उघडली नाही.
घडाघडा बोलल्या, एक जोडाक्षर अडखळलं नाही.
कुणाला ठाऊक होतं
त्यांची आई बैलहोंगलची,
चुलीपुढं रडायची ती कन्नडात?

मग काय.
पंचायतीच्या भिंतीवर रातोरात डांबरानं लिहिलं:
बाई वीकल्या.
बाई जीपमधनं उतरल्या,
पर्समधनं खडू काढला,
वी खोडून वर ऱ्हस्व वि लिहिला,
आणि परत जीपमध्ये बसल्या.
हे मी बघितलंय. दुसरं कोण काय सांगतं, माहीत नाही.

दुसऱ्या खेपेला पक्ष बदलला, राज्यमंत्री झाल्या,
रेशीम खात्याच्या.
रेशमाचा किडा आमच्यात कुणी बघितलेला नव्हता.
पण मलप्रभेवर पूल झाला,
शाळेला कंपाउंड झालं, गेटवर दोन्ही भाषांत नाव.
पूल झाल्यावर त्यावरनं
पिवळी व्हॅन यायला लागली, इंग्लिश मीडियमची.
त्या जूनला आमच्या शाळेत पहिलीला पोरं किती?
तीन.
सभेत हे एकानं विचारलं.
बाई चष्मा पुसत राहिल्या पदरानं,
फळा पुसतात तसा, वरनं खाली, वरनं खाली.

तिसऱ्यांदा पडल्या. डिपॉझिट वाचलं, तेवढंच.

"कुठं बाई?"
"खानापूर. बीईओ ऑफिसला. शाळा बंद करूलालेत म्हणे."
त्यांनी आधार कार्ड पुढं केलं,
सगळ्या बायका करतात तसं.
मी हळूच म्हटलं, माजी आमदारांचा पास असतो की तुमच्याकडं.
"आहे. त्याच्यावर माजी लिहिलंय.
ह्याच्यावर नुसतं नाव आहे."

मशीननं शून्याचं तिकीट फाडलं.
बाईंनी ते हात लांब करून वाचलं,
पेपर तपासताना धरायच्या तसं.
"शून्याला किंमत नसते, असं कोण म्हणालं होतं रे वर्गात?"
"मी बाई."
"मग मी काय सांगितलं होतं?"
अख्खी गाडी गप्प.
खिडकीबाहेर धरलेली मानसुद्धा आत आली.
पिशवीतली कोंबडी घेऊन उभी असलेली बसव्वा
माझ्याकडं बघायला लागली, जणू उत्तर तिला पाहिजे.
"ते… कुठल्या बाजूला उभं राहतं…"
पुढचं आठवेना. खरंच आठवेना.
बाईंनी सांगितलं नाही.
कधीच सांगायच्या नाहीत, थांबायच्या.

फाट्यावर दोघं उतरायची होती, उतरली.
मी शिट्टी तोंडात धरली
आणि वाजवायच्या आधी, उगीच,
त्यांच्याकडं बघितलं.